कोठीत उभी केलेली गाडी

जरा खाली बघा. अजून खाली, तुमच्या गुडघ्यांच्याही खाली. हं, तिथंच. मी रुपलाची गाडी बोलतेय. गाडी म्हटल्यावर बैल नाहीतर इंजीन शोधू नका. हात-दीड हात सागवानी फळी आणि खाली चार बेअरिंगची चाकं, एवढाच माझा संसार. आवाज मात्र असा, की शिरपूरच्या बाजारातून मी निघाले की रस्त्यात पसरलेली कुत्रीसुद्धा शेपूट आवरून बाजूला होत.

बहात्तरचा दुष्काळ सरला, त्यानंतर जगदेव सुतारानं मला घडवलं. फळी एका मोडक्या दाराची, चाकं वाशीमच्या गॅरेजातल्या भंगारातली. रुपलाचे दोन्ही पाय लहानपणच्या तापात गेलेले. तिशीचा गडी, हातांवर सरकत यायचा. माझ्यावर पहिल्यांदा बसला, दोन्ही मुठींत लाकडी ठोकळे धरले, जमिनीला रेटा दिला आणि मी सुटले ती धर्मशाळेच्या उतारावरून थेट बस स्टँडपर्यंत. तो पोटभर हसत होता आणि मागून जगदेव ओरडत होता, "अबे, भिंतीवर जाशीन नं!"

रुपला राहायचा हुकूमचंद शेठजींच्या खोल्यांत. ज्यांचे हातपाय, डोळे साथ देत नाहीत आणि घरच्यांनी ज्यांच्याकडे पाठ फिरवली, अशा माणसांसाठी शेठजींनी धर्मशाळेमागे ओळीनं खोल्या बांधल्या होत्या. ज्याची त्याची खोली, ज्याची त्याची कडी. स्वयंपाकाला धुरपताबाई, उचलायला-धरायला गोविंदा, आणि सगळ्यांवर देखरेख शेठजींच्या विधवा वहिनी कंचनबाईंची. त्यांना सारे बाईजी म्हणत. आंधळ्या धनीबाईची वेणी त्या स्वतः घालत. रुपला तापानं फणफणला तेव्हा त्याच्या उशाशी बसून राहिल्या. खोटं कशाला बोलू, असा जीव लावणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. आणि माझं वाकडं आलं ते नेमकं त्यांच्याशीच.

रुपला छत्र्या दुरुस्त करायचा. स्टँडवर नानाजीच्या हॉटेलासमोर लिंबाखाली आमची जागा होती. पावसाळा आला की मोडक्या काड्यांचा ढीग लागायचा. वाशीमची बस यायची, कामरगावचे पाहुणे उतरायचे, कुणाची सून रुसली, कुणाचा बैल हरवला, सगळं तिथं कळायचं. नानाजी चहा द्यायचा आणि रुपलाची थट्टा करायचा, रुपला सव्याज परत करायचा. छत्र्या हे निमित्त होतं, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

मग तो आषाढ आला. पावसानं अंगण भिजलं, मुंग्या, गोगलगायी, मखमली लाल किडे सगळीकडे वळवळू लागले. बाईजी जैन, त्यांचा चातुर्मास सुरू झालेला. त्या पाऊल टाकायच्या ते खाली बघून, मऊ झाडणीनं वाट झाडून. एका सकाळी मी खडखडत गेले आणि माझ्या मागं उमटलेली रेघ त्यांनी पाहिली. त्या रेघेत चिरडलेले जीव होते. बाईजी त्या रेघेपाशी खाली बसल्या. त्यांच्या डोळ्यांतून खरंच पाणी आलं.

"रुपला, बाप्पा," त्या म्हणाल्या, "किती जीव गेले रे! कार्तिकापर्यंत गाडी ठेवून देऊ का कोठीत? तुले काय पायजे ते गोविंदा हातात आणून देईन. कुठी जायचं तं तोच उचलून नेईन. पाप तुलेही नको नं मलेही नको."

रुपलानं त्या रेघेकडे पाहिलं, बाईजींच्या डोळ्यांकडे पाहिलं. "ठेवा जी," म्हणाला.

झालं. मला धान्याच्या कणगीमागं उभी केली, चाकं भिंतीकडे करून. कोठीच्या दाराला फट होती, तेवढंच माझं जग उरलं.

शब्द मोडला असं कोणी म्हणू नये. छत्र्या खोलीवर आणल्या जात होत्या. छत्र्या आल्या, माणसं नाही आली. पहिले काही दिवस रुपला म्हणायचा, "गोविंदा, स्टँडवर नेतं का?" गोविंदा न्यायचा, पण त्याला दहा कामं, तिथं ठेवून तो ताटकळायचा, आणि रुपला अर्ध्या चहात म्हणायचा, "चाल, वापस ने." मग त्यानं विचारणंच सोडलं. पुढं पुढं परसाकडे जायला हाक मारावी लागू नये म्हणून तो पाणीही बेतानं पिऊ लागला. हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मला फटीतून त्याचा भरलेला तांब्या दिसायचा, आणि राग यायचा. चाकं फिरवायला रेटा लागतो, राग लागत नाही, नाहीतर दार फोडून आले असते.

भादव्यात शेठजींनी सगळ्यांना ओसरीत बसवलं. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"उद्या अकोल्याहून सरकारी बाई येऊन राह्यल्या. आपलं घर कसं चालते, तुमाले नीट ठेवतो का नाही, ते पाहतीन. बाईचं मन भरलं तं घर चालू. नाही भरलं तं खोल्यांले कुलूप, अन् तुमी सगळे शहरातल्या मोठ्या संस्थेत. मंग कोण कुठं, ते माह्या हातात नाही."

शेठजी गेल्यावर धनीबाई चाचपडत रुपलापाशी आली. तिनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "रुपला, लेका, मले ह्या घराच्या भिंती मालूम आहेत. दुसऱ्या घरात मी मरून जाईन. तू उद्या काही बोलू नको बापा." रुपलानं नुसती मान हलवली. मग ती आंधळी आहे हे आठवून म्हणाला, "नाही बोलत, माय."

इंगोले बाई आल्या त्या एसटीनं, हातात उलटी झालेली छत्री घेऊन. चादरी उचलून पाहिल्या, न्हाणीत डोकावल्या, धुरपताबाईच्या पातेल्यातली डाळ चाखली. कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. शेठजींचा जीव भांड्यात पडू लागला. माझा मात्र टांगणीला. आता ही बाई 'उत्तम' लिहून जाणार आणि मी कणगीमागं वाळवीच्या तोंडी.

बाई रुपलासमोर बसल्या. खुर्चीवर नाही, खाली.

"काही त्रास?"

"नाही जी."

"जेवण?"

"बेस आहे."

"कोणी रागावतं, हात उगारतं?"

"देवमाणसं आहेत जी सगळी." आणि ते खोटं नव्हतं.

बाईंनी छत्री पुढं केली. "स्टँडवर ही मोडली. हॉटेलवाले म्हणाले, रुपला करून देते, पण आषाढापासून तो दिसलाच नाही. का बरं?"

धनीबाईची बोटं पदरात गुंतली. रुपला छत्रीच्या काड्या चाचपत राहिला.

"पावसात कोण जाईल जी बाहेर?"

"छत्री तर पावसातच मोडते," बाई म्हणाल्या.

शेठजी घाईनं पुढं आले. "गोविंदा नेते नं उचलून! हा म्हणीन तिथं नेते."

"गोविंदा, शेवटचं कधी नेलं होतं?"

गोविंदानं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. बाईंनी पेनाचं टोपण काढलं. तेवढ्या आवाजानंही धनीबाई दचकली. "बाई, लिहू नका हो! तो सुखी आहे, इचारा त्याले!"

तेव्हा बाईजी उठल्या. चेहरा पांढराफटक. "त्याची गाडी मी ठेवली. चाकाखाली जीव मरत होते म्हणून. पण त्याले इचारून ठेवली."

"हो जी," रुपला लगेच म्हणाला. "बाईजीनं इचारलं होतं. मीच हो म्हणलं."

"नाही म्हणता आलं असतं?"

रुपलानं धनीबाईकडे पाहिलं, मग बाईजींकडे. मला वाटलं, हा आता गिळून टाकणार, नेहमीसारखं.

"ज्याच्या हातचं खातो, त्याले नाही कसं म्हणावं जी?"

एवढंच बोलला, तेही खाली बघून. आता सगळं संपलं असंच सगळ्यांना वाटलं, मलाही वाटलं. बाईजी सरळ कोठीकडे आल्या. दार उघडलं. त्यांनी मला कणगीमागून ओढलं, पदरानं माझ्यावरची धूळ पुसली. माझं त्यांच्याशी असलेलं वैर तिथंच फिटलं. मला रुपलापुढं ठेवून त्या आत गेल्या आणि आपली मऊ झाडणी घेऊन आल्या. माझ्या पुढच्या कडेला ती त्यांनी स्वतः सुतळीनं आडवी बांधली, जमिनीला जेमतेम टेकेल अशी.

"हे झाडणी वाट झाडीन," त्या म्हणाल्या. "अन् एखादा जीव गेलाच तं पाप माह्या नावावर. तू जाय, बाप्पा."

इंगोले बाईंनी पेनाला टोपण लावलं. "आज पासही नाही आणि नापासही नाही. मी पुन्हा येईन. कळवून येणार नाही."

दिवाळीनंतर आल्या. आम्ही तेव्हा स्टँडवर, लिंबाखाली. खोल्यांकडे जाऊन आल्यावर त्या आमच्यापाशी थांबल्या आणि रुपलाला हसत सांगू लागल्या. "बाईजींना विचारलं, रुपला कुठं आहे? तर म्हणतात कशा, मले काय मालूम बाई? आता सांगून थोडाच जाते तो!" त्याच लिंबाखाली उभ्या राहून बाईंनी आपला शेरा लिहिला. घर वाचलं. धनीबाई आपल्याच भिंतींना हात लावत शेवटपर्यंत राहिली.

आता रुपलाला तीन चाकांची सायकल मिळाली आहे. मी ओसरीच्या खुंटीवर लटकते. बेअरिंग गंजली, झाडणीचा नुसता बुडखा उरलाय. पाहणीला नवी माणसं येतात, चादरी उचलतात, डाळ चाखतात, मला बघून विचारतात, हे काय भंगार ठेवलंय, फेकून देऊ का? रुपला म्हणतो, "राहू द्या. मी नाही म्हणतो."

बाबांनो, कुणाचं भलं करायला निघालात तर करा, जरूर करा. फक्त त्याला आधी विचारा, आणि तो नाही म्हणाला तरी त्याच्या ताटातली भाकर हलणार नाही, हे त्याला कळेल असं विचारा. मला आता जमिनीवर उतरायचं नाही. रुपला नाही म्हणतो, ते ऐकत इथंच लटकायचं आहे.