सहावा शब्द

अर्धांगाच्या झटक्यानं खुशालरावांची वाचा गेली, उजवा हात लुळा पडला. पण राग कुठं जातो! तो होता तिथंच होता.

लेक प्रणाली अकोल्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. तिनं बापासाठी काळ्या पडद्याचा साधा प्रोग्राम लिहिला आणि अमरावतीला आणून दिला. डाव्या बोटानं शब्द टाइप करायचा. ठरलेल्या पाचांपैकी तो कोणता हे प्रोग्राम ओळखायचा आणि घरभर ऐकू जाईल असा बोलायचा. पाणी, चहा, पंखा, दुखते, झोप. 'पानी' लिहिलं तरी चालायचं. पाचांबाहेरचं काही आलं, की पुसून टाकून म्हणायचा, "समजलं नाही."

आठवड्यातच आईचा, जमुनाबाईंचा फोन. "त्या डब्ब्याले काई समजत नाई वं. तो नाई म्हणते, अन् हे ताट लोटून देतात. कालपासून जेवले नाईत. माह्यंच काई चुकून राहिलं काय?" आवाज रडवेला झाला होता.

प्रणालीनं पहिली बस धरली. बापाशेजारी बसली. "लिहा बाबा, मी पाहून राहिली."

डावं बोट अक्षरं शोधू लागलं. ज. मु. प्रणाली पडद्याकडं वाकली. उभ्या संसारात या माणसानं बायकोला नावानं हाक मारली नव्हती. 'अवं, ऐकलं काय', नाहीतर 'प्रणालीची माय', बस्स. बायकोचं नाव घेणारा नवरा म्हणजे थिल्लर, अशी त्यांची समजूत. पण एका बोटानं 'प्रणालीची माय' कोण लिहीत बसणार? जमुना एवढंच लिहून त्यांनी बटण दाबलं.

"समजलं नाही."

अरे मेल्या, कसं समजेल तुला! बापाला काय काय लागेल ते आठवताना लेकीला आईच आठवली नव्हती. प्रणालीला स्वतःचीच लाज वाटली. डोळे पुसत तिनं सहावा शब्द घातला.

"आई, हा शब्द आला तं यानं काय म्हणाचं?"

जमुनाबाईंनी पडद्यावर आपलं नाव वाचलं. या वयात लाजून चूर झाल्या. "काई नको. नुसतं नाव घेऊ दे. मी येतो ना."

दुपारी स्वयंपाकघरात ऐकू आलं, "जमुना."

कणकेच्या हातानंच त्या धावल्या. "काय पायजे? पानी? चहा?"

खुशालरावांनी नकारार्थी मान हलवली. सावकाश, एकेक अक्षर शोधत पुन्हा तोच शब्द लिहिला.

"बरं, इथंच बसतो मंग. पन जेवा लागन."

खुशालरावांनी निमूट तोंड उघडलं.