सात नंबरचा चिमटा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फळा आहे. छोटी विमानं उडवणाऱ्या हौशी मंडळींच्या मैदानावर, शेडच्या भिंतीला मी टांगलेला असतो. माझ्यावर बारा खिळे आहेत. प्रत्येक खिळ्याला कपडे वाळत घालायचा एक चिमटा आणि चिमट्यावर रंगवलेला एक आकडा.

मला सुतारकाकांनी घडवलं, दाराच्या उरलेल्या फळीतून. तेव्हा क्लबमध्ये माणसं अवघी चार. आठवडाभर घरी खपून हलक्या लाकडाची विमानं बनवायची आणि रविवारी सकाळी उडवायची. विमान हातातल्या रिमोटचं ऐकतं. पण एकाच नंबरचे दोन रिमोट चालू झाले, तर ते कोणाचंच ऐकत नाही. म्हणून नियम असा, की आधी आपल्या नंबरचा चिमटा खिशाला लावायचा, मगच रिमोट चालू करायचा. चिमटा जागेवर नसेल, तर मुकाट्याने थांबायचं.

"फळा म्हणेल ते खरं," काका सगळ्यांना बजावायचे. मी ताठ मानेने भिंतीवर मिरवायचो.

चाराचे चाळीस झाले. बघ्यांसाठी बाक आले. आणि चिमटे खिशातून घरी जाऊ लागले. रिकामा खिळा दिसला, की लोक म्हणत, "नेला असेल कोणीतरी घरी," आणि खुशाल रिमोट चालू करत. काका ओरडायचे. पुढे पुढे तेही थकले. दोनदा विमानं हवेत अडखळली. "वारा असेल," सगळे म्हणाले.

त्या रविवारी वारा अजिबात नव्हता. काकांचं मोठं पिवळं विमान वर होतं, सात नंबरचा चिमटा त्यांच्या खिशाला होता. तेवढ्यात क्लबमधले दातांचे डॉक्टर नवा रिमोट घेऊन आले. तोही सात नंबरचाच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सातचा खिळा रिकामा. ते घुटमळले.

"दोन सेकंद तर बघायचंय," ते पुटपुटले आणि शेडच्या मागे गेले.

पिवळं विमान एकाएकी कलंडलं.

"ऐकत नाहीये! सरका, सरका!" काका किंचाळले.

बाकावर घड्याळजी बसले होते, पहिल्या चौघांपैकी एक. त्यांनी शेजारी बसलेल्या आपल्या नातीला ढकललं आणि उजवा हात आडवा घातला. विमानाचा फिरता पंखा त्या हातावर आला.

हात वाचला. पण घड्याळात केसाएवढी स्प्रिंग बसवणारी दोन बोटं कायमची निकामी झाली. त्यांचं दुकान बंद पडलं. डॉक्टरांनीच धावत येऊन जखम बांधली, दवाखान्यात नेलं, आणि खऱ्या गोष्टीबद्दल अवाक्षर काढलं नाही.

काका पुन्हा मैदानावर आले नाहीत. शेडची किल्ली परत द्यायला काकू आल्या, तेव्हा म्हणाल्या, "मोडकं विमान पुढ्यात घेऊन बसतात. माझीच एखादी तार सुटली असणार, म्हणतात. जेवणाचंही भान नसतं हो."

मी सगळं ऐकत होतो.

मग नवे रिमोट आले, मोकळा नंबर आपला आपणच शोधणारे. माझं काम संपलं. लोक माझ्यावर टोप्या टांगू लागले. खालच्या कडेला वाळवी लागली, कोणी पाहिलं नाही.

गेल्या महिन्यात काका वारले. शेडमध्ये सगळे जमले, चार शब्द बोलले, पांगले. डॉक्टर मागे राहिले.

"त्या दिवशी माझा रिमोट चालू होता," ते घड्याळजींना म्हणाले. "दोनच सेकंद."

"माझं सोडा," घड्याळजी म्हणाले. "तो माणूस अकरा वर्षं तारा तपासत गेला. वहिनींना सांगा. आत्ताच्या आत्ता."

डॉक्टर फाटकापर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले. पुढे कोणत्या बाजूला वळले, ते मला भिंतीवरून दिसलं नाही.

मित्रांनो, तुमचे रिमोट माझ्यापेक्षा हुशार आहेत. तरी चालू करण्याआधी मोठ्याने विचारत जा, कोणाचं विमान वर आहे का? आणि चूक झालीच, तर त्याच दिवशी, त्याच मैदानावर सांगून टाका. मी सारं पाहिलं होतं, पण मला सांगता आलं नाही.