मार्गशीर्षाआधीची भजी

सीपरी बाजारात मुकेशचा माशाच्या भज्यांचा गाडा थंडीपुरताच लागतो, तोही कार्तिकी पौर्णिमेनंतर. कार्तिकभर तो स्वतःही मासे वर्ज्य ठेवतो. रोहूचे तुकडे, ओवा घातलेलं बेसन, वर किसलेला मुळा. माझे सासरे, बाबा, नोकरीसाठी झाशीला आले तेव्हापासून दर वर्षी पहिल्या घाण्याला हजर.

यंदा बाबांच्या घशात गाठ आहे. मऊ भात तेवढा उतरत होता. पौर्णिमा झाल्यावर ते तेजसला, माझ्या नवऱ्याला, म्हणाले, "चल रे, गाडा लागला असेल."

"बाबा, अगहन म्हणजे मार्गशीर्षच लागला. आईचा महिना पाळायचा ना?"

सासूबाई मार्गशीर्षात घरात मासे येऊ देत नसत. महिना कधी लागतो तेही त्याच सांगायच्या. त्या गेल्यानंतरचा हा पहिलाच मार्गशीर्ष बाबांनी स्वतःहून धरायचं ठरवलं होतं. त्यांनी पायात अडकवलेल्या चपला काढून ठेवल्या. मी मात्र रोज त्यांच्या ताटाकडे बघायचे, महिना संपेपर्यंत घास उतरेल ना?

भात सुटला. मग पेजही अडकायला लागली. ग्वाल्हेरच्या डॉक्टरांनी नळी घालायची तारीख दिली. आणि आज सकाळी साताऱ्याहून माझ्या आईचा फोन, "उद्यापासून मार्गशीर्ष गं. गुरुवारचा घट मांडशील ना?"

मी भिंतीकडे पाहिलं. हिंदी कॅलेंडर. इथला महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. इथेच वाढलेल्या तेजसने इथला महिना धरला होता. आपला कार्तिक अजून चालू होता आणि अख्खा पंधरवडा हातचा गेला होता.

सांगितलं तेव्हा तेजस कॅलेंडरचं पान मागे-पुढे उलटत राहिला. बाबाच म्हणाले, "तुझ्या आईनंही इथे आल्या आल्या मला असंच ताटकळत ठेवलं होतं. चला, आजची संध्याकाळ आहे की."

"आइए बाबूजी! इस साल तो हमें भूल ही गए," संध्याकाळी लेक आभालाही घेऊन आम्ही गाड्याशी पोचलो तसा मुकेश म्हणाला.

मी भजं फोडलं, बोटांनी चाचपून काटे काढले. बाबांनी कणभर तोंडात ठेवलं, बराच वेळ घोळवलं. मग खोकत खोकत रुमालात टाकलं. तेजस पाठ फिरवून उभा राहिला.

"आभाला दे," बाबा म्हणाले.

काट्याच्या धास्तीने मी लेकीला मासा कधी दिलाच नव्हता. दुसरा तुकडा घेतला, चाचपला, परत चाचपला. मग भरवला. बाबा तिच्या गळ्याकडे बघत होते.

"उतरला?"

"और दो," आभा म्हणाली.