चार चमचे तेल

"हे तर हातानं निघतंय," आबाजी म्हणाले.

फियाटच्या उघड्या बॉनेटखाली वाकून त्यांनी पहिला प्लग दोन बोटांनी फिरवून बाहेर काढला आणि जयमालाच्या हातात दिला. मग दुसरा काढला. चारही प्लग पान्याशिवाय निघाले. सव्वीस वर्षं एका जागी उभ्या असलेल्या गाडीचे प्लग असे निघत नाहीत. ते रुततात, तुटतात, कधी आटेही सोबत घेऊन येतात. आबाजींनी चाळीस वर्षं फियाट दुरुस्त केल्या होत्या. आकुर्डी स्टेशनजवळच्या त्यांच्या गॅरेजात आता महिन्याला एखादीच जुनी गाडी येई. त्यांनी प्लगची टोकं उजेडात धरून पाहिली आणि इंजिन हातानं फिरवायचं हँडल मागितलं.

हँडल गाडीत नव्हतं. ते गाडीच्या मालकीणबाई गोजाबाईंनी घरातून आणून दिलं, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेलं. आबाजींनी ते बंपरच्या भोकातून आत घातलं, पाय रोवले आणि जोर केला. दुसऱ्यांदा केला. काही हललं नाही.

"जाम आहे."

"मी फोनवरच सांगितलं व्हतं," गोजाबाईंचा मुलगा रणजीत म्हणाला. "भंगारवाला बी तेच म्हणला. मॅडम, न्यायची तर आशीच न्या. पुढच्या हप्त्यात शेड पाडायचीय, खोल्या काढायच्यात हितं." निघोज्यात त्याच्या बावीस खोल्या आधीच होत्या, सगळ्या कंपन्यांतल्या पोरांना भाड्यानं दिलेल्या.

"कधी जाम झालं आसंल?" गोजाबाईंनी विचारलं. त्या शेडच्या दारातच उभ्या होत्या.

"आये, सव्वीस वर्सं झाली बाबांना जाऊन. आता तारीख काढायची का इंजिनाची?"

"मी त्यान्ला इचारलं."

आबाजी सरळ उभे राहिले. "उघडल्याशिवाय नाही कळायचं, वहिनी."

"उघडल्याव कळंल?"

"कळेल."

"कशामुळं झालं, त्ये बी?"

"ते पण कळेल."

गोजाबाईंनी मान हलवली आणि चहाचं बघायला आत गेल्या. जयमालाला त्यांचे प्रश्न लक्षात राहिले. कधी आणि कशामुळे, हे दोनच प्रश्न तीही आपल्या कामात विचारत असे.

जयमाला चाकणच्या एका रंगाच्या कंपनीत प्रयोगशाळेत होती. गाड्यांचा रंग पत्र्याच्या हातभर पट्टीवर चढवायचा, तो किती वेळात वाळतो, किती जाडीचा बसतो, खरवडल्यावर सुटतो का हे पाहायचं आणि लिहायचं. अठ्ठावीस वर्षं ती हेच करत आली होती. जुनी गाडी कशाला घेतेस, असं विचारणाऱ्यांना ती सांगे, की आजवर पट्ट्याच पाहिल्या, एक अख्खी गाडी पाहायची आहे. ऐकणारे हसत. ती विनोद करत नसे.

*

गुरुवारी, कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी, आबाजींनी गॅरेजात इंजिनाचं हेड उतरवलं.

"मॅडम, इकडं या. कुणीतरी इंजिनात भजी तळलीत."

चारही सिलिंडरांत पिवळसर तपकिरी थर होता. पिस्टनच्या माथ्यावर तो जाड होता, कडांना पातळ. काचेसारखा दिसत होता. जयमालानं त्यावर नख दाबलं. खूण उमटली नाही. तिनं वास घेतला. वास जवळजवळ नव्हता.

"हे इंजिन ऑइल नाही," ती म्हणाली. "वाळणारं तेल आहे."

"तेल कुठं वाळतं का मॅडम?"

"काही वाळतात. जवसाचं वाळतं, म्हणून तर रंगात घालायचे. करडईचं पण वाळतं. सावकाश."

"म्हणजे खायचं तेल?" आबाजींनी हात झटकले. "काय अडाणी माणसं असतात राव! सरसानं चिकटवावं तसे पिस्टन चिकटवून टाकलेत. चांगल्या इंजिनाचा जीव घेतला की हो."

जयमालानं पात्यानं थराची एक चकती अलगद उचलली आणि लिफाफ्यात घातली. वर तारीख लिहिली, सिलिंडर क्रमांक तीन असं लिहिलं. चकती निघाली तिथे नखाएवढा धातू उघडा पडला होता. तो चकचकीत होता. ती बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली.

आबाजींचं मत कॉस्टिक सोडा ओतावा असं होतं. पिस्टन ॲल्युमिनियमचे आहेत, सोडा त्यांनाच खाईल, असं ती म्हणाली. तिनं रंग काढायचं द्रावण आणलं, चारही सिलिंडरांत थोडं थोडं ओतलं, वर झाकण घातलं. मग थांबायचं होतं. आबाजी रोज संध्याकाळी फोन करत. "मॅडम, तुमचं लोणचं अजून मुरतंय."

नवव्या दिवशी तिसरा पिस्टन हलला. लाकडाचा ठोकळा ठेवून आबाजींनी हळू हातोडी मारली आणि तो केसभर खाली सरकला. दोन दिवसांत चारही सुटले. आबाजींनी सिलिंडर फडक्यानं पुसले आणि आतून नख फिरवलं, वरपासून खालपर्यंत. पुन्हा फिरवलं.

"गंज नाही," ते म्हणाले. "सव्वीस वर्षं उभी गाडी. नदी शेजारी. पत्र्याच्या शेडमध्ये. अन् आत गंज नाही."

मग ते हात पुसत राहिले.

*

गाडी अजून गोजाबाईंच्या नवऱ्याच्या, चिमाजींच्या नावावर होती. वारस म्हणून गोजाबाईंची सही हवी होती, म्हणून जयमाला कागद घेऊन निघोज्याला गेली. शेड पाडून झाली होती. तिथे खांबांसाठी खड्डे खणलेले होते आणि रणजीत खडी मोजून घेत होता. गोजाबाई पायरीवर लसूण सोलत बसल्या होत्या.

"फिरलं का?" त्यांनी आधी हेच विचारलं.

"पिस्टन सुटलेत, मावशी. जोडल्यावर फिरेल."

गोजाबाईंनी सुरी खाली ठेवली. "मंग आता कळलं आसंल, कधी जाम झालं त्ये."

"कधी, ते नाही सांगता येत."

"मी सांगती." त्यांनी खड्ड्यांकडे एकदा पाहिलं. रणजीत लांब होता. "तीन वर्सं झाली. माझ्या गुडघ्याचं आपरेशन झालं, तवा. चार महिनं लेकीकडं व्हते मारुंजीला. आले आन् फिरवाया गेले, तर फिरंना."

जयमाला त्यांच्या शेजारी पायरीवर बसली.

"मालक दवाखान्यात जाताना सांगून गेले व्हते. दर अवसेला चारी प्लग काढायचे, चार चमचे तेल सोडायचं, येका भोकात येक. मंग दोन फेरे. म्हणले, मी आलो का लगीच कांदा घिऊन चाकणला जायचंय, गाडी तयार पायजे. आलेच न्हाईत ते." हे त्यांनी नुसतं सांगितलं. "म्या फिरवलं. तेवीस वर्सं. येक अवस चुकली न्हाई. लोकं अवसेला गाडीला लिंबू-मिरची बांधत्यात, आमच्या गाडीला तेल आसायचं."

"घरात माहीत होतं?"

"दुपारच्याला कोण आसतंय घरात? प्लग हातानंच बसवायचे, म्हंजी हातानंच निघत्यात." त्यांनी उजवी मूठ पुढे करून हवेत हँडल फिरवून दाखवलं. अंगठा बोटांवरून पलीकडे वळवलेला नव्हता, चार बोटांच्या शेजारी सरळ होता. "आंगठा आसा ठिवायचा. इंजिन उलटं मारतं, हात मोडतो. मालकांनी शिकवलेलं."

पेट्रोल नसलेलं, चावी न लावलेलं इंजिन उलटं मारत नाही. जयमालानं दुसरंच विचारलं.

"तेल कोणतं सोडायचात?"

"मालकांनी डबा ठिवलेला. तीन-चार वर्सं पुरला. मंग ह्या रणजीतला म्हणलं, आणून दे. म्हणला, उभ्या गाडीला कशाला तेल? दोनदा म्हणलं. मंग म्या घरचं घातलं." त्या जरा ताठ बसल्या. "हलकं न्हाई. आमच्या रानातली करडई, आळंदीच्या घाण्याव काढून आणलेली. पाव्हण्यांना सुदिक त्येच वाढायचो."

कुठेतरी सिमेंट कालवायचं यंत्र सुरू झालं. गोजाबाईंनी ते थोडं ऐकलं आणि मग जयमालाकडे वळल्या.

"चार अवसा चुकल्या म्हणून जाम झालं. व्हय ना?"

तीन वर्षं हे त्यांनी कुणालाच विचारलं नव्हतं, हे दिसत होतं. हो म्हणणं सोपं होतं. नाही, गंजानं झालं, असं म्हणणं त्याहून सोपं होतं. ते तपासायला कुणी येणार नव्हतं. पण जयमालानं अठ्ठावीस वर्षांत एकही चुकीचा आकडा लिहिलेला नव्हता आणि तिला ते जमतही नसे.

"नुसत्या चार महिन्यांनी नाही," ती म्हणाली. "करडईचं तेल वाळतं, मावशी. रंगासारखं. तुम्ही फिरवत होता तोवर त्याला चिकटून बसायला वेळ मिळत नव्हता. चार महिने मिळाला."

"म्हंजी तेलानं झालं."

"हो."

"आन् तेल म्या घातलं."

"हो." जयमालानं पर्समधून लिफाफा काढला आणि ती चकती त्यांच्या तळहातावर ठेवली. "पण याच्याखाली गंज नाही. एक ठिपका नाही. आबाजींनी दोनदा पाहिलं. हा थर नसता तर गेल्या तीन वर्षांत गंजानं खाल्लं असतं, आणि मग ते सुटलं नसतं."

"मला बरं वाटावं म्हणून म्हणती का?"

"नाही. तेलानं जाम झालं, तेही मीच सांगितलं ना."

गोजाबाईंनी चकती उन्हात धरली. ती मधासारखी दिसत होती. त्यांनी वास घेऊन पाहिला, नखानं टोचून पाहिली.

"आन् आमी तर रोज खाल्लं," त्या म्हणाल्या. "आमच्या आत काय झालं आसंल, द्येव जाणं."

जयमाला हसली. गोजाबाई हसल्या नाहीत, पण त्यांचे खांदे खाली आले. त्यांनी चकती लिफाफ्यात घातली, कड नीट दुमडली आणि परत दिली. मग सहीसाठी हात पुढे केला. सही करायला त्यांना बराच वेळ लागला. अक्षरं सुटी सुटी आणि सारख्या उंचीची होती.

दर महिन्याला प्लग काढल्यामुळे आत नवी हवा जात होती आणि हवा मिळाली तरच ते तेल वाळतं, हे जयमालाला माहीत होतं. त्यांनी ते विचारलं नव्हतं.

*

दीड महिन्यानं इंजिन जोडून झालं. जयमालानं रणजीतला फोन केला आणि आईंना घेऊन या, असं सांगितलं. तो आपल्या जीपमधून घेऊन आला. त्याला वाटलं, कागदांवर अजून एखादी सही राहिली असेल.

फियाटचा रंग अजून जुनाच होता, बॉनेटवर पोपडे आलेले. मागच्या सीटला कांद्याचा वास होता. तो कशानंच गेला नव्हता. आबाजींनी गाडी गॅरेजच्या दारात उभी केली होती, चावी लावून. त्यांनी हँडल गोजाबाईंच्या पुढे धरलं.

"वहिनी, मारा. तुमचा मान."

जयमालानं आबाजींना सगळं सांगितलं होतं. इंजिनात भजी तळलेली त्यांना आता आठवत नव्हती.

"चावी काढा," गोजाबाई म्हणाल्या.

"अहो, चावी काढल्यावर सुरू कशी होणार?"

"सुरू न्हाई करायची मला. फिरतं का, बघायचंय."

आबाजींनी जयमालाकडे पाहिलं. मग आत वाकून चावी काढली.

गोजाबाईंनी पदर खोचला. गुडघा दुखत होता, म्हणून त्या जरा तिरक्या उभ्या राहिल्या. हँडल भोकातून आत सरकवलं, त्याचे दात आत अडकेपर्यंत थोडं डावी-उजवीकडे केलं. अंगठा बोटांशेजारी घेतला. मग हळू वर ओढलं. आत काहीतरी दाटून आलं, क्षणभर थांबलं आणि सुस्कारा टाकून सुटलं. पुन्हा दाटलं, पुन्हा सुटलं. एक फेरा झाला. मग दुसरा. त्यांनी हँडल बाहेर काढलं.

"फिरतंय," त्या म्हणाल्या.

"आये, तुला कुणी शिकवलं हे?" रणजीतनं विचारलं.

"तुझ्या बापानं."

त्यांनी हँडल पदरानं पुसलं, त्याच फडक्यात गुंडाळलं आणि जयमालाच्या हातात दिलं. "उभी ऱ्हायली कवा, तर अवसेला दोन फेरे."

"आणि तेल?"

"त्ये तुमचं तुमी बघा. माझ्या तेलाची परीक्षा झाली."

आबाजींनी चावी लावली. तिसऱ्या प्रयत्नाला इंजिन सुरू झालं. आधी निळा धूर आला, मग आवाज एका लयीत आला. रणजीतनं मोबाइल काढला. "आये, उभी ऱ्हा की तिच्यापाशी. बाबांची गाडी!"

"तू घे तिचा फोटू," गोजाबाई म्हणाल्या. "लसूण तसाच पडलाय घरी."

त्या जीपकडे गेल्या. पायरी उंच होती. जयमालानं हात द्यायला पुढे केला, तोवर त्यांनी दारावरची दांडी धरली आणि स्वतःला वर घेतलं. रणजीत येईपर्यंत त्या तशाच दांडी धरून, समोर पाहत बसल्या. मूठ घट्ट होती. अंगठा चार बोटांच्या शेजारी, सरळ होता.