करड्या घोड्याची भेग

“बाई, तुमचं ते तिकाटणं जरा कडंला घ्या. गवात चेंगरतंय.”

सिनेवानं लांब दांड्याचा विळा जमिनीला टेकवला आणि कमरेवर हात ठेवून ती उभी राहिली. हेल्विगबाई जागची हलली नाही. एक कुंचला दातांत आडवा धरलेला, दुसरा हातात आणि नजर समोरच्या डोंगराला खिळलेली. रंगाच्या वासाला माश्या जमल्या होत्या. त्यांतली एक फळीवरच्या ओल्या आभाळात चिकटून पाय झाडत होती.

“एवढं पाणी रंगवून होऊ दे, मग हलते,” ती दातांतल्या कुंचल्याआडून पुटपुटली.

“पाणी कुठं पळून चाललंय? गवात कुजलं तर माझ्या गाया हिवाळ्यात तुमची चित्रं चघळतील का?”

हेल्विगबाई हसली. ही रोजचीच कुरबुर होती. शहरातली ही चाळिशीची बाई सलग तिसऱ्या उन्हाळ्यात आगबोटीनं उतरली होती. राहायची सिनेवाच्या माडीवर. उजाडलं की छत्री, चित्राची फळी ठेवायचं तिकाटणं आणि रंगांची पेटी पाठीला मारून नाकावर यायची. नाक म्हणजे खाडीत घुसलेला उंच खडक. त्याच्या माथ्यावर सिनेवाचं गवताचं रान होतं आणि गवत साठवायची एक लाकडी खोपी. तिथनं खाडीच्या कडेनं बघितलं की रेम्मेडाल वस्तीची तीन घरं पाण्याला टेकलेली दिसायची. एक विधवा सिनेवाचं, एक तिच्या दिराचं, अनफिनचं. तिसऱ्यातली माणसं अमेरिकेला गेली, त्याला कुलूप. आणि तिन्हींच्या डोक्यावर, घोडं मागच्या पायांवर उठावं तसा उभा डोंगर. करडा घोडाच म्हणत त्याला. खालच्या माणसांना मान मोडून वर बघायला सवड नसायची. गवत, मासे, शेळ्या, पुन्हा गवत, यातच उन्हाळा सरायचा.

घाम पुसता पुसता सिनेवानं फळीवर नजर टाकली.

“हे भूर्जाचं झाड वाकडं काढलंय तुमी.”

“जसं आहे तसं काढलंय.”

“न्हाई हो. ते सरळ हाय. मी नवरी म्हनून आले तवापास्नं सरळ हाय. धुक्यात आमचे गडी त्याच्याच रोखानं होडी वळवत्यात.”

“मग वर बघ की.”

सिनेवानं डोळ्यांवर हात धरला. घोड्याच्या मानेवर एकटं उभं असलेलं ते झाड खाडीकडं झुकलं होतं, काठावरनं कुणी खाली डोकावून बघावं तसं. त्याच्या मागनं खडकात एक काळी रेघ गेली होती.

“आन ही रेघ?”

“ती तर पहिल्या वर्षापासून आहे. तुझ्या घरातल्या चित्रातही आहे.”

 सिनेवानं विळा खोपीला टेकवला आणि भर उन्हाची, अर्धं गवत उभं टाकून, घराकडं चालू लागली. हेल्विगबाईच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. अर्धं गवत टाकून जाणारी बाई नव्हती ती.

पहिल्या वर्षी जाताना दिलेलं चित्र चुलीशेजारी टांगलं होतं. ते काढून दोघींनी उंबऱ्यात उजेडाला धरलं. झाड ताठ होतं. त्याच्या मागची रेघ केसाएवढी. आजच्या फळीवर तीच रेघ नखाएवढी रुंद झाली होती. मग डोंगरावर ती केवढी असेल!

तशी त्या उन्हाळ्यात चिन्हं बरी नव्हतीच. पाऊस नसताना झऱ्याला गढूळ पाणी यायचं. शेळ्या डोंगराच्या अंगाला चरायला जाईनात. हाकलल्या तरी वाटेतनं माघारी फिरायच्या. आणि वारा पडलेल्या दुपारी वरनं खडखड करत दगड यायचे, कुणी वर बसून टाकत असल्यासारखे.

रविवारी सिनेवानं दिराला आणि जावेला कॉफीला बोलावलं, सगळी चिन्हं सांगितली आणि घरं सोडून वर जाऊ म्हणाली. अनफिन अंगानं आडवा, बोलण्यात तिरका. त्यानं दोन्ही चित्रं गुडघ्यांवर ठेवली आणि सावकाश निरखली.

“ही माझी होडीची खोपी. खरं का, बाई?”

“हो,” हेल्विगबाई म्हणाली.

“माझी खोपी वढ्याच्या अलीकडं का पलीकडं?”

“अलीकडं.”

“आन ह्या जुन्या चित्रात?”

हेल्विगबाईच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “पलीकडं. त्या कोपऱ्यात चित्र रिकामं वाटत होतं, म्हणून सरकवली.”

“ऐका. रिकामं वाटलं म्हनून माझी खोपी वढ्यापल्याड. उद्या दाटी वाटली तर मला पुसून टाकाल.” तो सिनेवाकडं वळला. “वैनी, जिच्या हातनं खोपी चालती, तिच्या हातनं झाड वाकलं तर नवाल कसलं? चित्र बघून घर सोडायचं म्हंजे सपान बघून गाय इकायची.”

“पर झऱ्याचं पानी?” त्याची बायको इंगेरिड हळूच म्हणाली.

“शेळी उतरली आसल झऱ्यात.”

“शेळ्या तिकडं जात न्हाईत, त्येच तर म्हनतीया अक्का.”

“मग तू उतरली आसशील,” अनफिन म्हणाला आणि हसून त्यानं कप पुढं केला. विषय संपला.

ती दोघं गेल्यावर हेल्विगबाई दारात उभी राहिली. “मला वाटलं, एवढ्याशा खोपीनं काय होतंय.”

“माशी केवढी आसती बाई?” सिनेवा कप विसळत म्हणाली. “पर दूध सगळं सांडावं लागतं.”

दुसऱ्या दिवसापासून हेल्विगबाईनं वेगळाच उद्योग मांडला. तिकाटण्याच्या तिन्ही पायांपाशी खुंट्या ठोकल्या, म्हणजे जागा बोटभरही हलू नये. तळहाताएवढ्या फळ्या घेतल्या. रोज तीच वेळ, तोच देखावा. सरकवायचं नाही, वगळायचं नाही, नटवायचं नाही. घरामागचा शेणाचा ढीग आला, इंगेरिडची दोरीवरची ठिगळांची चोळी आली, छपराचं भगदाड आलं. पाऊस लागला तर छत्री बांधून बसायची. बोटं गारठली की काखेत धरायची आणि पुन्हा कुंचला उचलायची. सिनेवानं त्या खुंट्यांभोवतीचं गवत हातानं उपटून तिला जागा करून दिली. कुरबुर बंद झाली होती. त्या शांततेनंच दोघींना जास्त भीती वाटायची.

नऊ दिवसांच्या नऊ फळ्या सिनेवानं खोपीच्या भिंतीला ओळीनं उभ्या केल्या आणि संध्याकाळच्या उजेडात दिराला हाताला धरून आणलं.

तो पहिल्या फळीपुढं उकिडवा बसला. “शेनाचा ढीगबी काढलाय.”

“होता तिथं,” हेल्विगबाई म्हणाली.

“छपराचं भगदाड.”

“तेही.”

“बुजवीन बुजवीन म्हनतोय, ऱ्हातंय.” तो दुसऱ्या फळीकडं सरकला. मग तिसऱ्या.  त्यानं गवताची एक काडी घेतली, पहिल्या फळीवरच्या काळ्या रेघेएवढी मोडली आणि एकेका फळीला लावत गेला. पाचव्या फळीला काडी अपुरी पडली. नवव्या फळीला त्यानं ती दोनदा लावून बघितली. उठताना ती काडी त्यानं खिशात घातली, आणि खाली उतरला.

सकाळी तो दोर घेऊन एकटा वर गेला. परतला तेव्हा दिवस कलला होता. पायांतले बूट न काढताच तो सिनेवाच्या उंबऱ्यावर टेकला.

“दगूड टाकला भेगंत,” तो म्हणाला. “आवाज ऐकायला थांबलो.”

“मग?”

“आला न्हाई.” त्यानं हातांचे तळवे विजारीला पुसले. “आतनं वारा येतोय, वैनी. गार. तळघराचं दार उघडल्यावर येतो तसा. उद्या गाया हलवू.”

तीन दिवसांत दोन्ही घरं नाकावर आली. गाई, शेळ्या, भांडी, कपडे, गवत. खोपीला आडोसा लावून बायका आत झोपायच्या, अनफिन गवताच्या गंजीत. पैलतीरावरची माणसं होडीतनं जाताना ओरडून विचारायची, “काय रे अनफिन, बाईनं डोंगर पुसला का काय?” तो ऐकून घ्यायचा. दिवस जात राहिले आणि डोंगर काही पडेना. सप्टेंबरचा पाऊस लागला. आगबोट येऊन गेली, हेल्विगबाई तिच्यात चढली नाही. कुणी राहा म्हटलं नाही, कुणी जा म्हटलं नाही.

राहिले होते बटाटे. घरांच्या मागं, घोड्याच्या अगदी खुरांपाशी बटाट्याचं शेत होतं, आणि बटाट्याबिगर हिवाळा निघत नाही.

“कुनीतरी झाडावर नदर ठेवायची, बाकीच्यांनी खनायचं,” अनफिननं ठरवलं. “हेल्विगबाईंनी बसावं. तुमचा डोळा बरा.”

“नुसतं बसून नजर भटकेल,” ती म्हणाली. “मी काढत बसते. काढताना झाड सुटणार नाही.”

तिच्या गळ्यात सिनेवानं शेळ्या हाकायचं शिंग अडकवलं. ते वाजलं की हातातलं टाकायचं आणि नाकाकडं पळायचं. पळत आलं तर पाच मिनिटांची वाट. सहा दिवस खणलं. अकरा पोती वर आली. चिखलात वाकून वाकून सिनेवाच्या पाठीचा कणा पेटला होता. पण खरा शीण पाठीचा नव्हता, मानेचा होता. वर बघायचं नाही असं ठरवलेलं, आणि मान सारखी वर जायची.

सातव्या दिवशी सकाळी धुकं विरलं आणि एकदम स्वच्छ झालं. पाखरू बोलत नव्हतं. सिनेवानं फावडं मारलं, ढेकूळ उलटलं, बटाटे पांढरे चमकले, आणि त्याच वेळी शिंग वाजलं.

मागाहून हेल्विगबाईनं सांगितलं की तिला आधी काही कळलंच नव्हतं. झाडाच्या मुळाशी एक ओला पिवळा पट्टा दिसला, आणि तिचा हात आपसूक पिवळ्या रंगाकडं गेला. आजवर त्या जागी पिवळा लागला नव्हता. हे मनात आलं तेव्हा तिनं शिंग तोंडाला लावलं.

“चला,” सिनेवानं इंगेरिडचा दंड धरला. “भाऊजी, चला.”

“व्हा म्होरं. भरलेली दोन पोती हायत, तेवढी होडीत टाकतो. पान्यावरनं येतो.”

“ऱ्हाऊ द्या ती.”

“व्हा म्हनलं ना म्होरं.”

इंगेरिड थांबायला बघत होती. सिनेवानं तिला ओढली. वाटेवरचे दगड पायाखाली निसटत होते, लाकडी बूट केव्हाच सुटले होते, आणि शिंग मात्र वाजतच होतं, दम लागून तुटत, पुन्हा वाजत. नाकाच्या चढावर पोचल्यावर सिनेवानं पहिल्यांदा मागं बघितलं. भूर्जाचं झाड उभ्याउभ्या खाली येत होतं. पडत नव्हतं, मुळाखालच्या मातीसकट, चालत आल्यासारखं येत होतं. आवाज त्याच्यानंतर आला. मग जमीन हलली, धुरळ्यानं घरं झाकली, आणि खाडीचं पाणी एकदा खाली बसून उठलं ते नाकाच्या अर्ध्यावर चढलं.

धुरळा निवळायला दुपार झाली. तिथं घर नव्हतं, शेत नव्हतं, ओढा नव्हता. नुसते ओले, नवे फुटलेले धोंडे, आणि डोंगराला आतनं उघडं पडलेलं पिवळं अंग. पैलतीराच्या माणसांनी चार दिवस होड्या घालून शोधलं. अनफिन मिळाला नाही.

त्याच्यासाठी रिकाम्या खड्ड्यावर प्रार्थना झाली. पाद्रीबुवा भला माणूस. म्हणाले, शेवटच्या क्षणी त्याची नजर नक्की वर, देवाकडं लागली असेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. इंगेरिडनं डोलावली नाही.

दोन आठवड्यांनी हेल्विगबाईची बोट आली. निघायच्या आधी तिघी खोपीत बसल्या होत्या. चुलीवर पातेलं रटरटत होतं. त्या दिवसापासून इंगेरिड कामापुरतंच बोलली होती. आज ती आपणहून हेल्विगबाईसमोर येऊन बसली.

“आमी पाठ करून पळत व्हतो,” ती म्हणाली. “त्याला शेवटी तुमी बघितलंत.”

“हो.”

“कुनीकडं बघत व्हता त्यो?”

सिनेवानं तिच्या पाठीमागनं हेल्विगबाईला डोळ्यांनी खुणावलं. सांगा तिला, तुझ्याकडं बघत होता म्हणून. काय जातंय तुमचं. बाईमाणसाला हिवाळा काढायचाय. हेल्विगबाईनं खूण बघितली आणि मान खाली घातली. रंगाचे डाग पडलेली आपली बोटं ती एकमेकांत गुंतवत राहिली.

“कुणाकडंच नाही,” ती म्हणाली. “वाकला होता. पोत्याचं तोंड बांधत होता. एक होडीत टाकलेलं, दुसऱ्यावर वाकलेला.”

“वर न्हाई बघितलं?”

“नाही.”

“माज्याकडं?”

“नाही, इंगेरिड.”

 सिनेवाला वाटलं, आता ही उठून बाईच्या अंगावर जाईल. इंगेरिडनं डोक्याच्या रुमालाच्या टोकानं नाक पुसलं.

“बांधल्याबिगर पोतं कधी उचलायचा न्हाई,” ती म्हणाली. “लगीन झालं तवापास्नं बघतीया. घर पेटलं तरी आधी गाठ मारील.” तिनं दोनदा मान हलवली. “मंग त्योच व्हता.”

ती उठली. पातेल्यातला एक बटाटा सुरीच्या टोकानं टोचून बघितला आणि पाणी ओतायला फडकं शोधू लागली.

“शिजलं,” ती म्हणाली. “जेवून घ्या. बोट थांबायची न्हाई.”