पाण्याच्या फोडांत एक करडी गाठ

मित्रांनो, मी बोईसरमधली एक जुनी सोनोग्राफी मशीन आहे. खरं सांगायचं तर थकले आता. बटणांवरची अक्षरं पुसली आहेत, पंखा घरघरतो, आणि एसी बंद पडला की मी आधी तापते, मग रुसते. कारखान्यातलं फारसं आठवत नाही. थर्माकोलमध्ये बसून ट्रकने इथे आले, डॉक्टर स्वातीताईंनी नारळ फोडला आणि मला कामाला जुंपलं.

सुरुवातीला माझं कोण कौतुक! बाळ हललेलं दिसलं की बाया मलाच हात जोडायच्या. पण त्याच रांगेत लिटरभर पाणी पिऊन, लघवी दाबून बसलेली दुसरी माणसंही असतात. धर्माजी त्यांतलाच.

माकुणसारचा धर्माजी तारापूरला रंगाच्या कंपनीत कामाला. त्याच्या दोन्ही मूत्रपिंडांत पाण्याचे फोड होते. बापालाही तेच होतं, म्हणून घरात कुणाला नवल नव्हतं. पाणी मला काळं दिसतं; त्याचं मूत्रपिंड म्हणजे काळ्या द्राक्षांचा घोसच. "दरवर्षी या. या गर्दीत एखादी वाईट गाठ लपली तर लवकर सापडत नाही," असं ताई बजावायच्या. तो मान डोलवायचा. चार वर्षं आला, मग यायचा बंद झाला.

दोन वर्षांनी बायको मंदा त्याला धरूनच घेऊन आली.

"लघवी लाल व्हते, बाई. तीन महिने झाले," ती म्हणाली.

"कंपनीतला रंग हाय तो," धर्माजी म्हणाला. "सध्या लाल माल चालू हाय. घाम पन लालच येतो. आमी सगले असेच हाव."

हसावं की कपाळाला हात लावावा, मला कळेना. त्याच्या नखांच्या कडा खरंच गुलाबी होत्या. खात्यातले सगळे एकमेकांचे रंगलेले बनियन बघून हसायचे आणि पुढच्या पाळीला जायचे. लघवीतलं लाल वेगळं असू शकतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

"फोड फुटला तरी रक्त जातं," ताई म्हणाल्या. "दर वेळी वाईटच असतं असं नाही. पण बघायला नको का, धर्माजी?"

त्यांनी जेल लावलं. काळं, काळं, सगळं काळं. मग डावीकडे करडं, भरीव, लिंबाएवढं. ताईंचा हात थांबला.

"ही गाठ वेगळी वाटते. काय आहे ते यावरून ठरत नाही. उद्याच मुंबईला जाऊन सीटी स्कॅन करा."

"उद्या माजी फस्ट शिफ्ट हाय."

"शिफ्ट गेली खड्ड्यात," मंदा म्हणाली.

गाठ कॅन्सरची निघाली. डावं मूत्रपिंड काढलं, माणूस वाचला. पण उरलेलंही फोडांनी भरलेलं, त्या एकट्या मूत्रपिंडाला काम झेपेना. आता धर्माजी आठवड्यातून तीनदा पालघरला डायलिसिसला जातो. "आधी आला असता तर कदाचित नुसती गाठ काढून भागलं असतं," ताई म्हणाल्या. ती दोन वर्षं मी इथेच होते, मित्रांनो. चालू होते. काम करून मी एवढी दमले नाही, जेवढी या विचाराने दमते.

गेल्या महिन्यात त्याची मुलगी दीपिका एकटीच आली. तेवीस वर्षांची, दुखत काहीच नव्हतं; बापाचे फोड आपल्यातही आहेत का, एवढंच बघायचं होतं. घरी स्थळं बघत होते, म्हणून तिने कुणाला सांगितलं नव्हतं. काळे ठिपके होते. थोडे, पण दोन्हीकडे. करडं काही नव्हतं. ताईंनी सगळं नीट सांगितलं. ती कितीतरी वेळ पोटावरचं जेल पुसत बसली.

"परत कवा येऊ?" तिने विचारलं.

ताईंनी तारीख दिली. तिने ती मोबाइलमध्ये लिहून घेतली.

"बापसाला आजच सांगते," ती उठत म्हणाली. "आनि बगायला येतील त्यांना पन सांगेन. लपवून नाय लगीन करायचं मला."

मित्रांनो, मला लवकरच मोडीत काढणार म्हणतात. काढू देत. माझ्या जागी नवी येईल. तुमच्या घरात कुणाला असे फोड असतील, तर दीपिकाएवढं धाडस मी त्यांच्याकडून मागत नाही. वर्षातून एकदा या, एवढंच.