एकोणतीस तारखेचा पाट

"अंगठ्यानं हलकेच दाब आणि सोडून दे. धरून ठेवलंस तर चिकटेल गं."

नोन्ना, म्हणजे आजी, ओर्नेलाला असं शिकवायची तेव्हा त्या नातीचा इवलासा अंगठा माझ्यावर असायचा. मित्रांनो, मी एक जुना, खाचांचा लाकडी पाट आहे. रोसारियो शहरातल्या एका स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला. उकडलेल्या बटाट्याच्या गोळ्या माझ्यावरून घरंगळल्या की अंगावर रेघा उमटून त्यांच्या नोकी होतात. दर एकोणतीस तारखेला आमच्याकडे घरोघरी नोकीच असतात. ताटाखाली एक नोट ठेवतात, पुढचा महिना भरल्या घराचा जावा म्हणून.

नोन्ना देवाघरी गेली आणि पंधरा वर्षांची ओर्नेला मला वापरू लागली. सगळे म्हणत, "अगदी आजीचा हात!" ती सगळ्यांना आग्रहानं वाढायची आणि स्वतः म्हणायची, "करता करताच पोट भरलं." मला ठाऊक होतं, एक गोळीही तिच्या तोंडात गेलेली नसे. माझ्यावर टेकणारी तिची बोटं महिन्यागणिक हलकी आणि गार होत गेली.

नोन्नाचे उपास मी पाहिले आहेत. मारियामातेपुढे मेणबत्ती लावून ती उपास धरायची आणि ईस्टरला हसतमुखानं सोडायची. ओर्नेलाचा उपास कुणासाठी होता ते तिलाही सांगता येईना, आणि तो काही केल्या सुटेना.

एका दुपारी ती ओट्यापाशीच कोसळली. तिला इस्पितळात नेलं. मी खिळ्यावर राहिलो. कितीतरी महिन्यांच्या एकोणतीस तारखा येऊन गेल्या. तिची आई ग्रासिएला विकतच्या नोकी उकळायची आणि माझ्याकडे पाठ करून बसायची. माझ्या खाचांत पीठ वाळून गेलं.

हिवाळा सरताना ओर्नेला घरी आली. डॉक्टरांच्या सांगण्यावरून आई रोज तिच्यासमोर जेवायला बसू लागली.

"माझ्या काट्याकडे बघू नकोस ना."

"कुठे बघतेय? भिंतीकडे बघतेय."

"भिंतीवर काय आहे?"

"आजीचा पाट. तोही तुझ्याकडेच बघतोय."

ओर्नेला जरा हसली. एक घास गेला.

मग एकदा मिर्ताआत्या आली. "छान भरलीस हो! आता कशी माणसांत आलीस." प्रेमानंच म्हणाली बिचारी. पण ती गेल्यावर ओर्नेलानं ताट सरकवलं.

"सगळ्यांना माझे गालच दिसतात. आत अजून रोज भांडण चालतं, ते कुणाला दिसतं?"

ताट गरम करून आईनं पुन्हा पुढे ठेवलं आणि समोर बसून राहिली.

तेवढ्यात फोन वाजला. इस्पितळात शेजारच्या खाटेवर असलेली आयलेन अजून तिथेच होती. तिचा बारीक आवाज माझ्यापर्यंत आला.

"एकोणतीसला नोकी आणतेयस ना? तू खाल्लीस तर मी खाईन. नुसती वाढत बसलीस, तर मीही वाढतच बसेन."

"खाईन. शब्द दिलाय ना."

फोन ठेवून तिनं ताट जवळ ओढलं. अर्धं संपवलं.

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. कुणाच्या अंगाकडे पाहून बरं-वाईट बोलू नका. शेजारी बसा आणि लवकर उठू नका.

आज एकोणतीस. सकाळीच तिनं मला उतरवून खाचांतलं वाळकं पीठ काडीनं एकेक करून काढलं. अंगठा आता उबदार होता. दाबला, सोडला. डबा भरून झाल्यावर मला धुऊन पुन्हा खिळ्यावर लावलं.

मग खण उघडून तिनं एक काटा घेतला. क्षणभर थांबली. दुसराही घेतला, आणि डबा उचलून, आवाज न करता दार ओढून इस्पितळाकडे निघाली.